तीन वेळा निगेटिव्ह

आमच्या चर्चचे पाळकसाहेब मला म्हणाले, "शालिनीबाई, झालं ते प्रभूच्या चरणी ठेवा. लिहून कशाला काढता?"

चरणी ठेवलंच होतं की. सात आठवडे ठेवलं होतं. तेवढ्यात बोराएवढी गाठ लिंबाएवढी झाली.

म्हणून लिहिते. ज्यांच्या घरी असला रिपोर्ट येईल त्यांनी तो आधी डॉक्टरला दाखवावा, मग देवाला. देवाला इंग्रजी येतं, त्याला घाई नसते. आम्हालाही येतं असं आम्हाला वाटत होतं, तिथेच घोटाळा झाला.

गाठ

मी अकोल्यात महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते. वय सत्तेचाळीस. नवरा प्रभाकर. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि दर रविवारी तो मंडळीत पेटी वाजवतो. मंडळी म्हणजे आमचं चर्च आणि त्यातली माणसं. दोन्हींना आम्ही एकच शब्द वापरतो. लिहिताना मी नवऱ्याचं नाव घेते आहे, तोंडावर मात्र अहो-जाहोच करते. कागदावर तरी एवढी मोकळीक घेऊ द्या. मुलगी एस्तेर तेव्हा अमरावतीला खोली घेऊन नीटचे क्लास करत होती.

छातीतली गाठ आंघोळीच्या वेळी हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून पंधरा दिवस मी तिला माफ केलं. मग एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला आणि चार दिवसांनी दोघांनाही समोर बसवलं.

कॅन्सर हा शब्द त्यांनी अगदी साधा उच्चारला, शाळेत आपण गैरहजर म्हणतो तसा. मी प्रभाकरकडे पाहिलं. तो टेबलावरच्या पंख्याकडे पाहत होता. म्हणाला, "मॅडम, याची बेअरिंग गेली. आवाज येऊन राहिला."

त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की रडायचं राहूनच गेलं. आता कळतं, त्याला दुरुस्त करता येईल अशी तेवढी एकच गोष्ट त्या खोलीत होती.

मॅडम म्हणाल्या, "याच तुकड्यावर अजून एक तपासणी लागते. ती बाहेरगावी जाते, दहाएक दिवस लागतील. तो रिपोर्ट आला की लगेच या. मग कोणते उपचार करायचे ते ठरवू."

ते दहा दिवस मंडळीनं उपास-प्रार्थना केली. बायका घरी यायच्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या आणि जाताना भांडी घासून जायच्या. त्या दिवसांत मला कोणी एकटं सोडलं नाही, हे मी नाकारणार नाही. पुढे इतकं कडू लिहायचं आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

शनिवार

लॅबमधून रिपोर्ट आणायला प्रभाकर एकटाच गेला होता. आला तो पायातल्या चपलांसकट स्वयंपाकघरात.

"शालू, निगेटिव्ह! तिन्हीच्या तिन्ही निगेटिव्ह!"

मी हात पुसून कागद घेतला. वर बारीक अक्षरांत बरंच काही होतं, कॅन्सरचा तो लांबलचक इंग्रजी शब्दही होता. त्याच्याखाली तीन ओळी होत्या. प्रत्येक ओळीत आधी कसलंतरी आखूड नाव आणि पुढं ठळक अक्षरांत निगेटिव्ह.

"अन् हे वरतं काय लिवलं?" मी विचारलं.

"थे जुन्या रिपोर्टातून उतरवलं असंन. खालचं पाह्य ना. तपासणी तं खालची हाय."

कोरोनानं आम्हाला या शब्दाचा अर्थ पक्का शिकवला होता. पॉझिटिव्ह म्हणजे रडायचं, निगेटिव्ह म्हणजे शिरा करायचा. नाकातली काडी निगेटिव्ह आली तेव्हा आम्ही केलाही होता. आणि हे तर तीन होते. प्रभाकरनं तिन्ही ओळींवर बोट ठेवलं.

"हे बापाचं, हे पुत्राचं, हे पवित्र आत्म्याचं. आणखी कशी खूण पायजे तुले?"

पहिला रिपोर्ट कॅन्सरचा, मध्ये दहा दिवस प्रार्थना, दुसरा रिपोर्ट तीन वेळा निगेटिव्ह. यात न पटण्यासारखं काय होतं, सांगा. आम्ही तिथेच ओट्यापाशी गुडघे टेकले. मी रडले. सगळं खापर नवऱ्यावर फोडायला बरं असतं, पण शिरा मीच केला. वेलदोडा घालून.

साक्ष

आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याच्या आयुष्यात देवानं काही केलं, तो उभा राहून सांगतो. कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाची दारू सुटलेली असते. सांगून झालं की सगळे एका आवाजात आमेन म्हणतात. आमेन म्हणजे 'हे खरं आहे', असं रविवारच्या शाळेत आम्हाला लहानपणी शिकवलं होतं.

प्रभाकर एरवी बोलणारा माणूस नाही, पेटीआड बसणारा. त्या रविवारी तो पेटी सोडून पुढं आला आणि रिपोर्ट वर धरून त्यानं तिन्ही निगेटिव्ह वाचून दाखवले. दर वाचनाला मंडळी आमेन म्हणाली. तिसऱ्या वेळी खिडकीवरची कबुतरं उडाली.

बाहेर बायकांनी मला घेरलं. सगळ्यांत शेवटी मार्थामावशी आली. ही आमच्या मंडळीतली विधवा म्हातारी. चर्च झाडायची आणि वेदीवरची फुलं बदलायची. तिनं माझा हात धरला.

"मंग आता डॉक्टरकडे नाई जा लागत?"

"कायले मावशी? आता गरजच नाई."

ती बराच वेळ हात सोडेना. मला वाटलं, आनंदानं.

मॅडमसमोर

दवाखान्यातून एकदा फोन आला होता. प्रभाकरनं "रिपोर्ट निगेटिव्ह आला जी, थँक्यू" म्हणून ठेवून दिला.

गाठीला मात्र रिपोर्ट कोणी वाचून दाखवला नसावा. ती वाढत होती. मी रोज हात लावायची आणि रोज तो हात साडीला पुसायची. प्रभाकरला सांगितलं नाही. शंका घेणं म्हणजे त्याची साक्ष खोटी पाडणं. साक्ष खोटी म्हणजे माझा विश्वास कच्चा. विश्वास कच्चा म्हणजे गाठ माझ्याच चुकीनं वाढली. या चक्रात मी सात आठवडे फिरले. हातात खडू असताना मी एवढी मूर्ख नसते.

एका बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिपोर्ट पर्समध्ये घालून एकटीच गेले. मॅडमनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"हा कधी आला तुमच्याकडे?"

मी सांगितलं.

"मग इतके दिवस कुठे होतात?"

"मॅडम, निगेटिव्ह आला ना. तिन्ही निगेटिव्ह."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि हळू आवाजात समजावलं. कॅन्सर आहे की नाही, हे या कागदात तपासलेलंच नव्हतं. तो होताच. त्याच्या पेशींवर तीन गोष्टी सापडतात का, एवढंच पाहिलं होतं. त्या सापडल्या तर त्यांच्यावर चालणारी वेगळी औषधं असतात. माझ्यात तिन्ही नव्हत्या.

"म्हणजे निगेटिव्ह वाईट?" मी विचारलं.

"म्हणजे हा जास्त आडदांड प्रकार आहे. भराभर वाढतो. केमो लगेच सुरू करायला हवी. लगेच म्हणजे तेव्हाच हवी होती."

टेबलावरचा पंखा नवा होता. आवाज करत नव्हता.

दुकानात

तिथून मी थेट दुकानात गेले. प्रभाकर एका जळालेल्या मोटारीची तार उलगडत बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तार त्याच्या हातातून सुटली. तो रडला, दुकानात गिऱ्हाईक असताना रडला, माझे दोन्ही हात कपाळाला लावून रडला. त्याचं माझ्यावर प्रेम आहे, याबद्दल मला कधीच शंका नव्हती आणि आजही नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "मंडळीत काय सांगाचं?"

"खरं सांगा."

"शालू, लोकायचा इश्वास मोडंन."

"अन् मी मोडली तं?"

तो खाली वाकून सुटलेली तार गोळा करू लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं की उपचार अमरावतीला करायचे. एस्तेरची खोली आहे, तिलाही आईचा हात मिळेल, तिथले डॉक्टर चांगले आहेत. सगळी कारणं खरी होती. खरं कारण वेगळं होतं. अकोल्यात माझे केस गळाले असते तर मंडळीला दिसले असते.

मी हो म्हटलं. त्याला एकच गोष्ट बजावली, "पण तुमी एक दिवस उभं राहून साक्ष परत घ्याची. मी जित्ती असतानाच घ्याची."

"घेतो," तो म्हणाला. "थोडं थांब."

अमरावती

मंडळीला सांगितलं गेलं की शालिनीबाई मुलीच्या अभ्यासासाठी राहायला गेल्या. शाळेत वैद्यकीय रजा टाकली. राजापेठेच्या मागं एका खोलीत मी आणि एस्तेर. ती सकाळी आठला क्लासला जायची आणि जाताना माझ्या उशाशी बादली, पाण्याची बाटली आणि मोबाइल ठेवायची. अठरा वर्षांची पोर माझी आई झाली होती. तिच्या वहीत जीवशास्त्राच्या नोट्समध्ये पेशीचं चित्र होतं आणि त्याच्याखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मम्मीची'. मी ते पाहिलं, हे तिला अजून माहीत नाही.

केमोचं वर्णन करत नाही. ज्यांना घ्यायची आहे त्यांना उगाच धास्ती, आणि ज्यांनी घेतली त्यांना काय सांगायचं. एवढंच सांगते की ती सहन होते. तोंड आलं की बर्फाचा तुकडा चघळा. सलाइनच्या हातात बांगडी घालून जाऊ नका. आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईशी बोला.

माझ्या शेजारी वंदनाताई असायच्या. अचलपूरहून एसटीनं यायच्या. पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या, घर बौद्धांचं, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजारात सीताफळ पारखावं तसं न्याहाळलं.

"काहून वो, कोणी मेलं का घरी? केमो हाय, फाशी नाई."

तिसऱ्या खेपेला मी त्यांना सगळं सांगितलं. रिपोर्ट, साक्ष, शिरा. त्या पोट धरून हसल्या. मग अचानक थांबल्या.

"म्हंजे तू तिकडे बरी झालेली हाय, अन् इथं ओकून राहिली."

"हो."

"दोन बाया होऊन जगाचं म्हंजे कठीण काम हाय बाप्पा. मले तं कोणी बरी केलीच नाई, म्हून मले सोपं गेलं."

प्रभाकर दर खेपेला यायचा. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो, हातात मऊ भाताचा डबा. माझी ओकारी त्यानं ओंजळीत घेतली आहे. केसांचे झुपके उशीवर पडले तेव्हा त्यानंच न्हाव्याचं यंत्र आणून माझं डोकं भादरलं, इतक्या हळू की एक ओरखडा आला नाही. आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं तो परत जायचा, कारण रविवारी पेटी.

"मंडळीत इचारतात का माह्याबद्दल?"

"इचारतात ना. मी सांगतो, मजेत हाय."

मी प्रार्थना करत होते का? करत होते. पण त्या दिवसांत देवाशी माझं बोलणं एखाद्या रुसलेल्या सासुरवाशिणीसारखं होतं. कामापुरतं.

केस

गाठ आखडली, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. मॅडमसारख्याच सरळ बोलणाऱ्या तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता काही दिसत नाही, पण तपासणीला येत राहा. बरी झालात असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी न म्हटलेलं ते वाक्य मी आजही जपून ठेवलं आहे.

मी अकोल्याला परतले तेव्हा पलंगावर एक खोका होता. प्रभाकरनं नागपूरहून केसांचा टोप मागवला होता. माझ्या जुन्या केसांसारखाच, मधोमध भांग.

"रविवारी उपकारस्तुती हाय," तो म्हणाला. "वर्षाची. पाळकसाहेब म्हणून राहिले, यंदा शालिनीबाईंनी सोता साक्ष द्याची. मागच्या वर्षीची. दोनच शब्द बोलजो."

"अन् तुमची परत घ्याची साक्ष?"

"घेतो ना. हे होऊन जाऊ दे एकडाव."

रविवारी मी टोप घातला, वर पदर घेतला आणि गेले. साक्षीची वेळ झाली. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी पुढं गेले, पदर खांद्यावर टाकला आणि टोप काढून वेदीच्या पायरीवर ठेवला. डोक्यावर तेव्हा बोटभरही केस नव्हते.

"मी बरी झाले नव्हते," मी म्हटलं. वर्गातल्या आवाजात म्हटलं, मागच्या बाकापर्यंत जाईल असा. "तो रिपोर्ट आम्हाला कळला नाही. मला कॅन्सर होताच. मी वर्षभर अमरावतीला उपचार घेत होते आणि..."

कुठूनतरी बाईचा आवाज आला, "इश्वास कमी पडला असंन." पाळकसाहेब उठले आणि घाईघाईनं गीताचा क्रमांक पुकारला.

आणि पेटी सुरू झाली.

माझं वाक्य अजून तोंडात होतं. मी वळून पाहिलं. प्रभाकरची मान खाली होती, डोळे मिटलेले होते आणि बोटं चालत होती. सगळी मंडळी गात उठली. माझ्या छातीवर टाके पडले तेव्हा दुखलं नव्हतं एवढं ते दुखलं. मी टोप उचलला आणि त्या गाण्यातून चालत बाहेर आले.

नळाजवळ

बाहेर चपला घालताना कोणीतरी मागून माझी बाही धरली. मार्थामावशी. गाणं सोडून ती माझ्या मागं आली होती. मला चर्चमागच्या नळाकडे घेऊन गेली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझा हात आपल्या पदराखाली नेऊन छातीवर ठेवला.

मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. मी त्या आकाराच्या गोष्टी ओळखते. हाताखालची कातडीही दगडासारखी झाली होती.

"कवापासून मावशी?"

"तुह्या नवऱ्यानं साक्ष देली ना, त्याच्या आधी पंधरा दिवस."

"अन् तुमी कोणाले सांगतलं नाई?"

"म्या बी उपास धरला. तुह्यासारखाच." ती माझ्या डोक्याकडे पाहत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, हीच त्यातली वाईट गोष्ट. "म्या तुले इचारलं होतं ना बाई. तूच म्हणली होतीस, कायले मावशी, आता गरजच नाई."

आमेन

त्या दुपारी मी प्रभाकरला पेटीबद्दल एक अक्षर बोलले नाही. फक्त मावशीचं सांगितलं. तो जेवत होता. हात धुऊन उठला आणि सोमवारी दुकान बंद ठेवून मावशीला घेऊन त्याच मॅडमकडे गेला. मावशीच्या सगळ्या फोटो-तपासण्या त्यानंच करवून घेतल्या. शुक्रवारी मॅडमनी त्याला सांगितलं की आता आजार हाडांत गेला आहे, बरं करता येणार नाही, दुखणं कमी करता येईल. या वेळी त्यानं प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घेतला आणि घरी येऊन मला म्हणून दाखवला.

रविवारी मी जाणार नव्हते. प्रभाकर म्हणाला, "ये." मी गेले, डोकं उघडं ठेवून, आणि मागच्या बाकावर बसले. पुढचा डावीकडचा कोपरा मावशीचा. तो रिकामा होता. ती घरी खाटेवर होती. पुढं चार महिने काढले तिनं.

साक्षीची वेळ झाली तेव्हा प्रभाकरनं पेटी बंद केली. झाकण लावलं, कडी घातली आणि पुढं आला. हातात तोच रिपोर्ट होता, घडीवर फाटलेला.

"मी इथं उभं राहून सांगतलं होतं का शालिनी बरी झाली. थे खोटं होतं. मले रिपोर्ट समजला नोहता अन् मी डॉक्टरले इचारलं नाई. समजल्यावर बी मी गप राह्यलो. तिले अमरावतीले लपवली अन् इथं पेटी वाजवली. मागच्या रविवारी थे खरं बोलत होती, तवा बी वाजवली." त्यानं रिपोर्टची घडी घातली. "माह्या बोलण्यावर भरोसा ठेवून मार्थामावशी वर्षभर घरी बसली. आता तिचं काही होऊ शकत नाई. ज्याले कोणाले गाठ असंन, त्यानं उद्याच डॉक्टरकडे जाव. प्रार्थना करा, पण जा."

तो तिथेच उभा राहिला. साक्ष देणारा माणूस उत्तराची वाट पाहत उभा असतो, तसा.

कोणी बोललं नाही. पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिले. मागच्या वर्षी कबुतरं उडवणारी ती सगळी तोंडं मिटलेली होती.

मला त्याचा राग होता. अजून आहे. माझ्यासाठी हा माणूस उभा राहिला नाही, मावशीसाठी राहिला, आणि तोही उशिरा. हे मी विसरणार नाही आणि विसरले असं खोटं इथे लिहिणारही नाही. पण तो जे बोलला ते अक्षरन् अक्षर खरं होतं. आणि खरं ऐकल्यावर काय म्हणायचं असतं, हे मला लहानपणीच शिकवलेलं आहे.

मागच्या बाकावरून मी एकटीच म्हणाले, "आमेन."